युनियनच्या प्रतिनिधीला कामाच्या जागी नक्की कोणते हक्क असतात?

शिफ्ट बी | १२ ऑगस्ट २०१८, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका कारखान्यात मशिन शॉपला आहे, नऊ वर्षं झाली. मे महिन्यात आमच्या युनियनची निवडणूक झाली आणि लोकांनी मला कमिटीवर निवडून दिलं. युनियन रजिस्टर्ड आहे, पण मान्यता (म्हणजे कामगारांच्या वतीनं कंपनीशी बोलायचा कायदेशीर दर्जा) अजून नाही, अर्ज औद्योगिक न्यायालयात आहे. मागणीपत्रावरची बोलणी फिसकटली आणि प्रकरण सध्या सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर चालू आहे.

महिन्याभरापूर्वी असेंब्लीतल्या एका पोराला चार्जशीट मिळाली. त्यानं बचाव प्रतिनिधी म्हणून माझं नाव दिलं. चौकशी सकाळी अकराला, आणि मी त्या आठवड्यात फर्स्ट शिफ्टला. साडेदहाला सुपरवायझरकडे गेलो तर म्हणाला, मशिन सोडायचं नाही, सोडलंस तर कामाची जागा सोडली म्हणून तुलाही चार्जशीट लागेल. मी थांबलो. पोरगा एकटा आत गेला, चौकशी अधिकाऱ्यानं पुढे केलेल्या तीन कागदांवर सह्या करून आला. कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी बसला, पण काही बोलला नाही. मला अजून झोप नीट लागत नाही.

आता गुरुवारी मला बोलावून तोंडी सांगितलंय की पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या जिल्ह्यातल्या युनिटला जायचं. बायको इथे शाळेत आहे, आई माझ्याजवळ असते.

मला एवढंच विचारायचं आहे की निवडून आलेल्या माणसाला कायद्यानं काही संरक्षण आहे की नाही? शिफ्ट चालू असताना सभासदाच्या चौकशीला जायचा हक्क आहे की नाही?

गोदाकाठ | १३ ऑगस्ट २०१८, सकाळी ६.१५

शिफ्ट बी, सातपूरला अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली सोळा युनियनचा सरचिटणीस होतो. बाकी सगळं नंतर बघू. आधी हे सांग, तुमच्या युनियननं कंपनीला संरक्षित कामगारांच्या, म्हणजे वाद चालू असताना परवानगीशिवाय काढता येत नाही अशा प्रतिनिधींच्या, नावांची यादी दिली आहे का? आणि दिली असेल तर पोच कुठे आहे?

हे पहिल्यांदा विचारतो याला कारण आहे. ९४ साली आम्ही पाच जणांची यादी दिली होती. त्या वेळचे सरचिटणीस सज्जन माणूस. पर्सोनेल ऑफिसरच्या केबिनमध्ये गेले, चहा घेतला, पत्र हातात दिलं आणि परत आले. दुसऱ्या प्रतीवर सही मागायला त्यांना संकोच वाटला. सहा महिन्यांनी पाचातल्या तिघांना काढलं. कोर्टात कंपनीनं शपथेवर सांगितलं की असं पत्र आम्हाला आलंच नाही. ते तिघं पुढे अकरा वर्षं तारखा करत होते. एक जण निकालाआधीच गेला. त्याच्या मुलाला मी अजून भेटतो आणि प्रत्येक वेळी तो चहाचा कप माझ्या डोळ्यांसमोर येतो.

म्हणून सांगतो, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख, सही. घेत नसतील तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह.

सुतळी | १३ ऑगस्ट २०१८, सकाळी ९.०२

काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या युनियन ऑफिसात लावतो आहे. गणपतीच्या फोटोशेजारी. बाप्पापण पोच घेतल्याशिवाय नवस ऐकणार नाही आता.

मसुदा | १३ ऑगस्ट २०१८, दुपारी १.२०

कामगार न्यायालयात वकिली करते. जरा लांबेल, पण शिफ्ट बी यांना नेमकं उत्तर मिळायला हवं.

गोदाकाठकाका ज्याबद्दल बोलत आहेत ते औद्योगिक विवाद कायदा १९४७ चं कलम ३३. वाद समेट अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायालयासमोर चालू असताना मालकाचे हात काही प्रमाणात बांधलेले असतात. वादाशी संबंध असलेल्या साध्या कामगारालाही वेगळ्याच गैरवर्तनासाठी काढायचं झालं, तर एक महिन्याचा पगार द्यावा लागतो आणि त्या अधिकाऱ्याकडे मंजुरीचा अर्ज करावा लागतो. हा अर्ज केला नाही किंवा मंजुरी नाकारली गेली, तर बडतर्फी झालीच नाही असं धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००२ साली जयपूरच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात ठरवलं आहे.

संरक्षित कामगाराचं त्याच्या एक पाऊल पुढे आहे. त्याला काढायचं किंवा काढण्यासारखी शिक्षा करायची तर आधी लेखी परवानगी लागते, गैरवर्तन वादाशी संबंधित असो वा नसो. पण हे संरक्षण निवडून आलात म्हणून आपोआप मिळत नाही. रजिस्टर्ड युनियनचा पदाधिकारी किंवा कार्यकारिणी सदस्य असावं लागतं, युनियननं नाव कळवावं लागतं आणि नियमांप्रमाणे मालकाकडून त्या नावाला मान्यता मिळावी लागते. संख्या एकूण कामगारांच्या एक टक्का, पण किमान ५ आणि कमाल १००. आणि वाद प्रलंबित असेल तेवढ्याच काळासाठी.

आता चौकशीचं. महाराष्ट्राचा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा, ज्याला कोर्टात सगळे नुसतं ‘पल्प’ म्हणतात, त्यात मान्यता नसलेल्या युनियनलाही कलम २२ खाली मोजके हक्क आहेत. सभासदाच्या बडतर्फी, कपात, निलंबन अशा तक्रारींवर मालकाला भेटून बोलणं आणि घरगुती, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत चौकशीत त्याच्या बाजूनं उभं राहणं. तुमची मान्यता अडकली आहे म्हणून हा हक्क अडकत नाही. त्या पोराच्या चौकशीत बचाव प्रतिनिधी नाकारला गेला, हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाला धरून नाही. त्यानं लगेच चौकशी अधिकाऱ्याला लिहून द्यावं: माझा प्रतिनिधी कामावर अडवला गेला, ही बैठक पुन्हा घ्या. आजच्या आज.

टाइमऑफिस | १३ ऑगस्ट २०१८, रात्री ८.४५

मी टेबलाच्या पलीकडचा, एचआरमध्ये बारा वर्षं. शिवीगाळ होणार नसेल तर दोन शब्द बोलतो.

कायदा मॅडमनी बरोबर सांगितला. पण शॉप फ्लोअरवर काय होतं तेही ऐका. आमच्याकडे एक कमिटी मेंबर होता, सकाळी कार्ड पंच केलं की जेवणापर्यंत मशिनवर दिसायचा नाही. विचारलं की ‘युनियनचं काम’. त्याच्या मशिनचा लोड शेजारच्या दोघांवर पडायचा आणि तेही त्याच युनियनचे सभासद! त्यांनीच शेवटी तक्रार केली. अशा एका माणसामुळे सुपरवायझर पुढच्या प्रत्येक प्रतिनिधीकडे संशयानं बघतो.

शिफ्ट बी, तुम्ही साडेदहाला तोंडी सांगायला गेलात. सुपरवायझरला त्या क्षणी बदली माणूस कुठून मिळणार? आदल्या दिवशी लेखी दिलं असतंत तर नाही म्हणणं आम्हालाच जड गेलं असतं.

गोदाकाठ | १३ ऑगस्ट २०१८, रात्री ९.३०

टाइमऑफिस, तुमचा हा मुद्दा मी मान्य करतो, आणि मनापासून करतो. जो प्रतिनिधी मशिनवर काम करत नाही त्याचं लोक ऐकत नाहीत. मी सरचिटणीस असताना माझं प्रॉडक्शन कधी लाइनच्या खाली जाऊ दिलं नाही. तेच माझं खरं संरक्षण होतं.

पण तुम्ही एक गोष्ट सोडून दिलीत. चौकशीची तारीख कोणी ठरवली? एचआरनंच ना? बचाव प्रतिनिधीचं नाव एचआरकडे लेखी होतं. मग त्याला मोकळं करायचा निरोप सुपरवायझरला कोणी द्यायचा? तो पोरगा आत एकटा बसलेला चौकशी अधिकाऱ्याला दिसत नव्हता का?

टाइमऑफिस | १३ ऑगस्ट २०१८, रात्री ९.५२

हे बरोबर. निरोप एचआरनं द्यायला हवा होता. आम्ही चौकशीच्या नोटीसची एक प्रत खातेप्रमुखाला पाठवतो, त्यावर प्रतिनिधीचं नाव आणि वेळ असते.

शिफ्ट बी | १४ ऑगस्ट २०१८, रात्री १२.१०

सगळ्यांचे आभार. आज सरचिटणीसांना विचारलं. यादी जूनमध्ये दिली म्हणतात. पोच नाही. ‘अरे ते ओळखीचे आहेत’ असं म्हणाले. काका, तुमचा प्रतिसाद त्यांना फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते.

नीलमोहर | १४ ऑगस्ट २०१८, सकाळी १०.३०

मी सरकारी बँकेत आहे, तिथे केंद्राचे नियम लागतात. आमच्याकडे दर वर्षी ३० एप्रिलच्या आत नावं जायलाच लागतात, पंधरा दिवसांत व्यवस्थापनानं मान्य यादी लेखी कळवायची, आणि ते संरक्षण तिथून बारा महिने. म्हणजे दर वर्षी नव्यानं. मागच्या वर्षीची यादी या वर्षी चालत नाही, हे अनेकांना माहीतच नसतं. तुमचे राज्याचे नियम वेगळे आहेत, त्यातली तारीख आधी काढून ठेवा.

आणखी एक सांगायचं आहे. मी आमच्या विभागातली पहिली महिला प्रतिनिधी. सुरुवातीला व्यवस्थापनाबरोबरच्या बैठका संध्याकाळी सातनंतर ठेवायचे. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. दोन वेळा गेले नाही, तर तिसऱ्या वेळी आमच्याच युनियनचे एक ज्येष्ठ म्हणाले, ‘ताई, तुमच्या जागी दुसरं नाव देऊ का?’ मी म्हटलं, नाव नका बदलू, वेळ बदला. बदलली. पण त्यासाठी मला आधी आपल्याच माणसांशी भांडावं लागलं. प्रतिनिधीचे हक्क म्हणताना हेही त्यात धरा.

उंबरठा | १४ ऑगस्ट २०१८, सकाळी ११.१५

नीलमोहर, हे वाचून फार बरं वाटलं.

गिरणगाव ४ | १४ ऑगस्ट २०१८, दुपारी ३.००

थोडं अवांतर. माझे वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर (मागावर) होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. तेव्हा संपावर अडीच लाख माणसं आहेत असं म्हणायचे. लोक कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं बोलणी करायचा अधिकार एकाच प्रातिनिधिक युनियनला, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे कामगार एकीकडे आणि त्यांच्या वतीनं सही करायचा हक्क दुसरीकडे. वडील म्हणायचे, आमच्याकडे पुढारी होता, माणसं होती, कागद नव्हता.

याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणलं. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली तेव्हा युनियनचा कायदाच नव्हता, तो आला १९२६ ला. त्यांना ना संरक्षित कामगाराचा दर्जा, ना नोटीस बोर्ड. लोक मागे होते म्हणून मिळालं. मला वाटतं दोन्ही लागतं.

रानवारा | १४ ऑगस्ट २०१८, रात्री १०.२०

सगळं वाचलं. एक टक्का म्हणता, तो कोणाचा एक टक्का? आमच्या प्लँटला कायम कामगार दीडशे आणि ठेकेदाराचे आम्ही सहाशे. आम्ही कंपनीच्या मस्टरवर नाहीच. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकानं सेफ्टी शूजसाठी सह्या गोळा केल्या. एकतीस सह्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास स्कॅनच होईना. कोणी काढलं नाही, कोणी चार्जशीट दिली नाही, नुसतं गेट उघडलं नाही. सह्यांचा कागद त्याच्या डब्याच्या पिशवीत होता, तो घेऊन गेटबाहेर दुपारपर्यंत उभा होता.

त्याला कुठलं कलम लावायचं?

मसुदा | १५ ऑगस्ट २०१८, दुपारी १२.००

रानवारा, तुमच्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही आणि मी ते सोपं करून सांगणार नाही. ठेकेदाराचे कामगारही कामगारच आहेत आणि युनियन करायचा हक्क त्यांनाही आहे, राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) मधून. ठेकेदाराकडच्या कामगारांची रजिस्टर्ड युनियन ठेकेदाराला यादी देऊ शकते. खरी अडचण ही की ठेका संपला म्हणून सांगितलं की मालकच हरवतो. तुमच्या मित्राकडे वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, जुना गेटपास, जे असेल ते जपून ठेवायला सांगा. तो त्या गेटच्या आत काम करत होता हे सिद्ध करायला लागणारा एकेक कागद सोन्याचा आहे.

शिफ्ट बी, तुमची बदली. १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत धोरणाच्या नावाखाली कुहेतूनं केलेली बदली ही अनुचित प्रथा म्हणून सरळ लिहिलेली आहे. तक्रार औद्योगिक न्यायालयात, घटनेपासून ९० दिवसांत. ही तक्रार तुम्ही स्वतः करू शकता, मान्यताप्राप्त युनियनची गरज नाही. कोर्ट अंतरिम आदेशही देऊ शकतं. मात्र नियुक्तिपत्र काढून बघा. बदलीची अट असेल तर कंपनी त्यावरच बोट ठेवणार आणि मग कुहेतू तुम्हाला दाखवावा लागेल. निवडणूक कधी, चौकशीत नाव कधी दिलं, बदली कधी सांगितली, तुमच्या आधी या खात्यातून तिकडे कोण गेलं. तारखा एकाखाली एक लिहून काढा, त्या स्वतःच बोलतील.

आणि तोंडी आदेशाला तोंडी नकार देऊ नका. लेखी मागा.

सुतळी | १५ ऑगस्ट २०१८, दुपारी १२.४०

रानवारा, तुझ्या मित्राला कोणत्या नंबरचे शूज लागतात ते कळव. थट्टा नाही, आमच्याकडे स्टोअरला नवे जोड आहेत, मी विकत घेऊन देतो.

उंबरठा | १६ ऑगस्ट २०१८, सकाळी ७.५०

माझे यजमान प्रतिनिधी होते आणि सात महिने निलंबित होते. घरच्या बाजूनं सांगते. निलंबन निर्वाह भत्ता पहिले ९० दिवस निम्मा पगार असतो, त्यानंतर चौकशी कामगारामुळे लांबली नसेल तर ७५ टक्के. हे आम्हाला चौथ्या महिन्यात कळलं, तोपर्यंत निम्म्यावरच चाललं होतं. युनियनच्या एकालाही ते आठवलं नाही, सगळे मोठ्या लढ्यात होते.

शिफ्ट बी दादा, तुमच्या बायकोला हे सगळं आज सांगा. कागद कुठल्या फायलीत आहेत, वकील कोण, पगार थांबला तर किती दिवस निघतील. माझ्यापासून सहा आठवडे लपवलं होतं, मला त्रास नको म्हणून. निलंबनापेक्षा मला तेच जास्त लागलं.

शिफ्ट बी | १६ ऑगस्ट २०१८, रात्री ११.३०

उंबरठा ताई, आज सांगितलं. तिला आधीच कळलं होतं. माझा डबा आठवडाभर अर्धा परत येत होता.

टाइमऑफिस | १७ ऑगस्ट २०१८, सकाळी ९.१०

एक भर घालतो. मान्यता मिळाली की गोष्टी बदलतात. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत, सलग सहा महिने ३० टक्के सभासद असलेली युनियन अर्ज करू शकते. मान्यता आली की आवारात वर्गणी गोळा करणं, नोटीस बोर्ड, सभासदांशी वादाबद्दल बोलणं हे हक्क येतात. त्याच १९७१ च्या कायद्याचं कलम २३ आणखी कामाचं. मान्यताप्राप्त युनियननं लेखी अधिकार दिलेले दोन जण कोर्टात कामकाजाच्या दिवशी हजर राहिले तर ते कामावर हजर धरले जातात, दाखला आणला की त्या दिवसाचा पगार द्यावा लागतो. मी स्वतः असे दाखले मस्टरला लावले आहेत. म्हणून मान्यतेच्या अर्जाकडे दुर्लक्ष करू नका, सभासद पावत्या नीट ठेवा.

गोदाकाठ | १७ ऑगस्ट २०१८, सकाळी ९.४०

टाइमऑफिस, तुमच्यासारखा माणूस आमच्या टेबलापलीकडे असता तर माझे निम्मे केस काळे राहिले असते.

शिफ्ट बी | ३१ ऑगस्ट २०१८, रात्री १०.५०

कळवायचं राहिलं. २० तारखेला यादी पुन्हा दिली, नवीन तारखेनं. आवकच्या खिडकीवर घेईनात. मी आणि सरचिटणीस तिथेच उभे राहिलो, एक ते दोन, जेवणाची सुट्टी आमची होती. दोनला पाच मिनिटं असताना आतून एक बाई आल्या आणि शिक्का मारून दिला. रजिस्टर पोस्टही केलं. त्या पोराचा अर्ज चौकशी अधिकाऱ्याकडे गेला आणि फेरबैठकीची तारीख मिळाली. मी आदल्या दिवशी लेखी दिलं, गेटपासच्या चिठ्ठीसारखी चिठ्ठी मिळाली: बाहेर १०.४५, परत १.०५. ती चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे.

बदलीचा लेखी आदेश परवा आला. तक्रार तयार होते आहे.

शिफ्ट बी | १८ जानेवारी २०२६, रात्री ९.००

साडेसात वर्षांनी धागा वर काढतोय. नव्या कमिटीतली दोन पोरं परवा तोच प्रश्न घेऊन आली आणि मी त्यांना हा धागा वाचायला दिला, तेव्हा लक्षात आलं की पुढचं मी इथे लिहिलंच नाही.

बदलीला ऑक्टोबर २०१८ मध्ये अंतरिम स्थगिती मिळाली. मसुदा ताईंनी सांगितलेला तारखांचा कागद वकिलांनी जसाच्या तसा जोडला होता. मी आजही त्याच मशिन शॉपला आहे. असेंब्लीतल्या पोराची चौकशी पुन्हा झाली, साक्षीदार उलटले, शिक्षा चार दिवसांच्या निलंबनावर आली. पण तो टिकला नाही. वर्षभरात हिशेब घेऊन गावी गेला. मला म्हणाला, दादा, त्या पहिल्या दिवशी मी आत एकटा होतो ना, ते जात नाही मनातून. माझ्याही जात नाही.

आता मुद्दा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली आहे. कलम ३३ मध्ये जे होतं ते आता संहितेच्या कलम ९० मध्ये. संरक्षित कामगारांचा आकडा तोच, एक टक्का, किमान ५, कमाल १००. पत्रांच्या जुन्या नमुन्यावर कलम बदलून घ्या.

टाइमऑफिस | १८ जानेवारी २०२६, रात्री ९.३५

शिफ्ट बी, तुम्हाला बघून आनंद झाला. संहितेत वाटाघाटीचा हक्कही बदलला आहे. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ५१ टक्के सभासद ज्या युनियनचे, ती एकटी वाटाघाटी करणार. कोणाकडेच ५१ नसतील तर वाटाघाटी परिषद, आणि त्यात प्रत्येक २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी.

रानवारा | १९ जानेवारी २०२६, सकाळी ६.४०

मी अजून आहे इथे. ठेकेदार तीन बदलले, आम्ही तेच. मागच्या वर्षी आमची युनियन रजिस्टर झाली, दोनशे बारा सभासद. सह्या गोळा करणारा तो मित्र खजिनदार आहे. सुतळीनं पाठवलेले शूज त्यानं झिजेपर्यंत वापरले.

पाच नावं काढायची आहेत. लोक म्हणतात सगळे बोलके घे. मी म्हणतो त्यात एक तरी नाइट शिफ्टचा आणि पॅकिंगमधल्या बायकांपैकी दोघी हव्यात, कारण गेट आधी त्यांच्यावरच बंद होतं. नीलमोहर ताई, त्या दोघी विचारत आहेत की बैठकीची वेळ कशी लिहून घ्यायची. तुम्ही पत्रात काय लिहिलं होतं?

नीलमोहर | १९ जानेवारी २०२६, सकाळी ९.१५

लिहिलं होतं: ‘बैठका कामाच्या वेळेत, सायंकाळी पाचच्या आत ठेवाव्यात, आणि त्या वेळेत प्रतिनिधी कामावर हजर धरले जावेत.’ दुसरं वाक्य विसरू देऊ नका. पत्राचा मसुदा वैयक्तिक निरोपात पाठवते. यादी कधी देणार आहात?

रानवारा | १९ जानेवारी २०२६, सकाळी ९.२२

गुरुवारी. आम्ही दोघे जाणार आहोत, तीन प्रती घेऊन.